हात बघू नका, कंबर बघा

दोन्ही पंजे डोक्यावर ठेवून मैदानाची एक फेरी पळून बघा. मग थोडा दम खाऊन दुसरी फेरी हात मोकळे सोडून पळा. फरक छातीला लगेच कळतो. त्याचं मोजमापही झालेलं आहे. अमेरिकेतल्या अरेलानो आणि क्रॅम या संशोधकांनी २०१४ मध्ये धावपटूंना वेगवेगळ्या पद्धतीने हात ठेवायला लावून पळवलं आणि ऊर्जा किती खर्च होते ते पाहिलं. हात पाठीमागे धरले तर खर्च ३ टक्क्यांनी वाढला, छातीवर घडी घातली तर ९ टक्क्यांनी, आणि डोक्यावर ठेवले तर १३ टक्क्यांनी. पाय पुढे-मागे जाताना धडाला पीळ बसतो. हात उलट्या दिशेने हलून तो पीळ सोडवतात. म्हणजे हात हलणं हे शरीराचं कामच आहे.

पण ते कसे हलावेत? हा प्रश्न मला होम मैदानाजवळ रोज पडतो. पहाटे साडेपाचला तिथे भरतीची तयारी करणारी मुलं-मुली असतात. पोलीस भरतीला मुलांना सोळाशे मीटर आणि मुलींना आठशे मीटर पळावं लागतं. स्वतःला खेळाडू न म्हणवणारी सोलापुरातली ही पोरं खरं तर मध्यम पल्ल्याचे धावपटू आहेत. त्यातली एक मुलगी पळताना उजवा हात बाहेर फेकते आणि मान किंचित डावीकडे कलते. येणारा-जाणारा कुणीतरी ओरडतोच, "अगं ए, हात नीट ठेव की! असं पळून कशी होशील भरती?" ती बिचारी वीस-पंचवीस पावलं हात सरळ ठेवते, खांदे आखडतात, वेग पडतो, आणि मग हात परत बाहेर. मला मनापासून वाटतं, तिला तसंच पळू द्यावं.

याला आधार आहे. १९८२ मध्ये कॅव्हना आणि विल्यम्स यांनी मुरलेल्या धावपटूंना त्यांच्या नेहमीच्या टांगेपेक्षा लांब आणि आखूड टांगा टाकायला लावल्या आणि प्रत्येक वेळी प्राणवायू किती लागतो ते मोजलं. सगळ्यात कमी प्राणवायू लागला तो धावपटूंच्या स्वतःच्या टांगेच्या आसपास. कुणी शिकवलेलं नसताना शरीराने आपला स्वस्त मार्ग शोधून ठेवला होता. इंग्लंडमधल्या आणखी एका अभ्यासात नवख्या महिला धावपटूंनी दहा आठवडे नुसता सराव केला. ढब सुधारण्याचे धडे त्यांना दिलेच नव्हते, तरी त्या कमी ऊर्जेत पळू लागल्या, आणि पावलाची चालही आपोआप बदलली. प्रत्येक पावलागणिक स्नायू आणि सांधे मेंदूला हिशेब देत असतात. हजारो पावलांनंतर त्या हिशेबातून जी ढब उतरते, ती त्या हाडांना, त्या कंबरेला, त्या जुन्या दुखापतीला बेतलेली असते. शेजारच्याची ढब उसनी घेतली तर ती अंगाला बसत नाही.

गाडीची भाषा इथे फार उपयोगी पडते. इंजिन किती मोठं आणि ॲव्हरेज किती, हे दोन वेगळे प्रश्न. शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं, ते झालं इंजिन. सराव नसलेल्या तरुणाचं इंजिन दर किलो वजनामागे मिनिटाला साधारण ४० ते ४५ मिलिलिटर, तर अव्वल धावपटूचं ७० च्या पुढे. आणि ठरलेल्या वेगाला किती प्राणवायू खर्च होतो, ते झालं ॲव्हरेज. पंधराशे मीटरला लागणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण ८० टक्के आणि आठशेलाही निम्म्याहून बरीच जास्त ऊर्जा प्राणवायूच्या जोरावर येते, म्हणून दोन्ही लागतात. डोळ्यांना दिसते ती फक्त ढब. इंजिन दिसत नाही, ॲव्हरेजही नुसतं बघून नीट कळत नाही.

मग ढबीला काहीच अर्थ नाही का? आहे, पण आपण चुकीच्या ठिकाणी बघतो. इंग्लंडमधल्या लफबरा विद्यापीठात फोलंड आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ९७ धावपटूंच्या हालचाली बारकाईने मोजल्या. काटकसरीशी, म्हणजे चांगल्या ॲव्हरेजशी, सगळ्यात घट्ट नातं निघालं ते कंबरेच्या हालचालीचं: ती प्रत्येक पावलाला किती वर-खाली होते आणि पाऊल टेकताना तिला किती ब्रेक लागतो. टेकताना नडगी किती उभी असते, हेही महत्त्वाचं ठरलं. मोजलेल्या हालचालींवरून काटकसरीतल्या फरकाचा ३९ टक्के भाग सांगता आला. उरलेला भाग आतला: स्नायू, कंडरा (स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी), रक्त, हृदय.

सोलापूरकराला हे समजावून सांगायला मी नंदीध्वजाकडे बोट दाखवतो. संक्रांतीच्या यात्रेत बाराबंदी घातलेला माणूस तो उंच नंदीध्वज कंबरेच्या आधारावर पेलून चालतो, तेव्हा त्याचे पाय मध्येच अर्धं पाऊल मागे येतात, खांदे एका बाजूला जातात, गुडघा वाकतो. कुणी त्याला "पाय सरळ टाक" म्हणत नाही. सगळ्यांची नजर शेंड्यावर असते. शेंडा स्थिर आहे ना, मग खालच्या त्या सगळ्या लहान-मोठ्या हालचाली स्थिर ठेवण्यासाठीच चालल्या आहेत, हे यात्रेतल्या पोराटोरालाही कळतं. पळणाऱ्याच्या बाबतीत हा शेंडा म्हणजे कंबर. मोबाईलवर स्लो मोशनमध्ये बाजूने व्हिडिओ काढा, मागे कंपाउंडची भिंत येऊ द्या, आणि भिंतीच्या वरच्या कडेच्या रेघेशी ताडून पँटच्या नाडीची गाठ बघा. ती रेघेच्या वर-खाली किती उडते आणि पाऊल टेकताना किती अडखळते, एवढंच. टाच शरीराच्या फार पुढे पडत असेल तर ब्रेक लागतोय. तेवढी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे: पाऊल थोडं अंगाखाली घे. हाताबद्दल गप्प राहावं.

आतल्या यंत्रणेत मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो टाचेच्या मागचा जाड कंडरा. पाऊल टेकताना तो ताणला जातो आणि उचलताना स्प्रिंगसारखा परत आखडतो. प्रत्येक पावलात शरीराच्या ज्या ऊर्जेची देवघेव होते, तिचा साधारण एक तृतीयांश भाग हा एकटा कंडरा साठवून परत देतो. ही ऊर्जा जवळपास फुकटची. दुसरी गोष्ट पायाच्या टोकाच्या वजनाची. बुटाचं वजन १०० ग्रॅमने वाढलं की पळण्याचा खर्च सुमारे १ टक्क्याने वाढतो. पावलाकडचं वजन दर टांगेला झोकून पुढे न्यावं लागतं, म्हणून ते महाग. केनियातल्या कालेंजिन जमातीच्या धावपटूंच्या बारीक पोटऱ्यांची इतकी चर्चा होते ती याच कारणाने. आपल्याकडे मात्र बारीक पोटरीच्या पोराला "अंगात काही नाही" म्हणून बाजूला बसवतात.

दिसण्यावरून निकाल लावायचा असता तर एमिल झाटोपेकला कुणी घेतलंच नसतं. तो मध्यम पल्ल्याचा नव्हता, लांब पल्ल्याचा, पण उदाहरण सोडवत नाही. डोकं डुलतंय, चेहरा वेदनेने पिळवटलेला, आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५,०००, १०,००० आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदकं त्याची. उलट टोकाला मोरोक्कोचा हिशाम एल गेरूज, ज्याला बघत राहावं असं पळायचा. त्याचा १९९८ चा १५०० मीटरचा ३ मिनिटं २६ सेकंदांचा विश्वविक्रम अजून उभा आहे. तरी ऑलिंपिक सुवर्ण त्याला तिसऱ्या खेपेला मिळालं: १९९६ ला अटलांटात तो अडखळून पडला, २००० ला सिडनीत दुसरा आला, २००४ ला अथेन्समध्ये जिंकला. सुंदर ढब, अफाट इंजिन, आणि तरीही आठ वर्षांची वाट.

अटीतटीच्या शर्यतीचं गणित निराळं असतं, हे याचं कारण. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये १५०० मीटर अंतिम शर्यत अमेरिकेच्या मॅथ्यू सेंट्रोविट्झने ३ मिनिटं ५० सेकंदांत जिंकली, विश्वविक्रमापेक्षा २४ सेकंद उशिरा. काही आठवड्यांनी तिथेच पॅरालिंपिकमध्ये, दृष्टी अधू असलेल्या धावपटूंच्या १५०० मीटर शर्यतीत, पहिल्या चौघांनीही त्याच्याहून कमी वेळ दिली. हे ऐकून अनेकजण ऑलिंपिकवाल्यांना नावं ठेवतात, ते मला पटत नाही. अंतिम शर्यतीत पुढे कोण जाणार यावर सगळे अडून बसतात, कारण पुढचा वारा खातो. एव्हरेस्टच्या १९५३ च्या मोहिमेत शरीरशास्त्रज्ञ म्हणून गेलेल्या ग्रिफिथ प्यू यांनी १९७१ मध्ये मोजून दाखवलं की मध्यम पल्ल्याच्या वेगात दुसऱ्याच्या मागे मीटरभर अंतराने पळणाऱ्याला सुमारे साडेसहा टक्के प्राणवायू कमी लागतो.

वळणाचा हिशेब तर शाळेतल्या भूमितीचा आहे. कडेपासून एक मीटर बाहेरून पळालात तर एका फेरीला २π (भूमितीतला पाय, ३.१४, त्याची दुप्पट), म्हणजे ६.२८ मीटर जास्त पळता. मैदान लहान असो की मोठं, हा आकडा तोच. सोळाशेच्या चार फेऱ्यांत २५ मीटर झाले. पाच मिनिटं वीस सेकंदांची पोरं सेकंदाला पाच मीटर पळतात, म्हणजे पाच सेकंद गेले. महिनाभर घाम गाळून पाच सेकंद कमी होतात, आणि ते असे वळणावर सांडतात.

आणि वेगाची वाटणी. १९७२ च्या म्युनिकमध्ये डोक्यावर टोपी घालून पळणारा डेव्ह वॉटल आठशे मीटरमध्ये बराच वेळ सगळ्यांत मागे होता आणि शेवटी ०.०३ सेकंदाने जिंकला. व्हिडिओ बघताना वाटतं, शेवटी तो भन्नाट सुटला. घड्याळ सांगतं वेगळंच: त्याचे दोनशे-दोनशेचे चार तुकडे साधारण २६.४, २६.९, २६.४ आणि २६.२ सेकंदांचे. त्याचा वेग होता तसाच राहिला, बाकीचे दमले. चार वर्षांनी माँट्रियलच्या अंतिम फेरीत आपल्या श्रीराम सिंगने बिनधास्त पुढे राहून पहिली फेरी ५१ सेकंदांच्या आत काढली. शेवटी तो सातवा आला, पण वेळ दिली १ मिनिट ४५.७७, आणि तो राष्ट्रीय विक्रम २०१८ पर्यंत कुणाला मोडता आला नाही. त्या सातव्या क्रमांकाचा मला आजही अभिमान वाटतो.

आता उपजत गुणांकडे येऊ, कारण मैदानावर सगळ्यात क्रूर वाक्य त्याच्याबद्दलच बोललं जातं: "हिच्यात ते नाहीच." उपजत गुण दोन असतात. एक, सुरुवातीलाच इंजिन मोठं असणं. दुसरा, सरावाने ते किती वाढतं. अमेरिका-कॅनडात क्लोद बूशार यांच्या गटाने ९८ कुटुंबांतल्या ४८१ सराव नसलेल्या लोकांना वीस आठवडे एकाच पद्धतीने सायकलवर व्यायाम करायला लावला आणि १९९९ मध्ये निष्कर्ष मांडले. प्राणवायूची क्षमता सरासरी मिनिटाला ४०० मिलिलिटरने वाढली, पण काहींची जवळपास वाढलीच नाही, तर काहींची लिटरभर वाढली. एका घरातल्यांची वाढ बरीचशी सारखी निघाली, म्हणजे यात अनुवंशाचा मोठा हात. हा दुसरा गुण पहिल्या दिवशी दिसूच शकत नाही. तो बघायला चार-पाच महिने द्यावे लागतात.

शालेय स्पर्धांत चौदा वर्षांखालच्या गटात तर आणखी फसगत होते. लवकर वयात आलेला मुलगा त्या वर्षी सगळ्यांना मागे टाकतो, उशिरा वाढणारा सतरा-अठराव्या वर्षी उमलतो, तोवर त्याने मैदान सोडलेलं असतं. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे लष्करात गेला आणि विशी ओलांडल्यावर स्पर्धांकडे वळला. २०१८ मध्ये त्याने ३,००० मीटर स्टीपलचेसचा (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत) ३७ वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला ८ मिनिटं २९.८० सेकंदांत, आणि २०२४ मध्ये पॅरिसला ८ मिनिटं ९.९१ पर्यंत आला.

मुलींच्या बाबतीत मात्र "हिच्यात ते नाही" म्हणण्याआधी एक साधी तपासणी करावी, आणि हे मी कळवळून सांगतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहून नेतं. हिमोग्लोबिन १३ असेल तर शंभर मिलिलिटर रक्तात १७ मिलिलिटरच्या पुढे प्राणवायू मावतो, ९ असेल तर जेमतेम १२. इंजिन तेच, पेट्रोलची नळी तीस टक्क्यांनी बारीक. अशी मुलगी शेवटच्या दोनशे मीटरमध्ये मान ताठ करते, खांदे कानाला लावते, टाच पुढे आपटते, आणि आपण म्हणतो ढब बिघडली म्हणून मागे पडली. क्रम उलटा आहे: आधी प्राणवायू कमी पडला, मग ढब मोडली. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि त्यावर लगेच चहा, हा आपला नाश्ता. चहा अन्नातलं लोह शोषू देत नाही, लिंबू मदत करतं. चहा तासाभराने घेतला तरी फरक पडतो, आणि गोळ्या लागल्या तर डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्यात.

त्या हात फेकणाऱ्या मुलीचा व्हिडिओ मी तिच्या आणि तिच्या भावाच्या परवानगीने काढला. नाडीची गाठ भिंतीच्या रेघेवर जवळपास तरंगत होती, बोटभर वर, बोटभर खाली. "काका, हात बघा की कसा जातोय," ती स्वतःच म्हणाली. मी म्हटलं, तो राहू दे, वळणावर आत ये आणि उद्या रक्त तपासून घे. रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन साडेनऊ आलं.