पेशी सेगमेंटेशन

सूक्ष्मदर्शकातून टिपलेल्या प्रतिमेतला कोणता पिक्सेल कोणत्या पेशीचा, हे संगणकाकडून ठरवून घेण्याची पद्धत. पेशींची मोजदाद, केंद्रकांचे आकारमान ही मापे त्यानंतरच निघतात, त्यामुळे इथली चूक पुढच्या प्रत्येक आकड्यात उतरते. केआय-६७ हे विभाजन होणाऱ्या पेशींत आढळणारे प्रथिन; स्तनाच्या कर्करोगात पाहिला जाणारा त्याचा निर्देशांक म्हणजे अर्बुदातील (गाठीतील) शंभर केंद्रकांपैकी किती त्या प्रथिनासाठी रंगली, एवढेच. केंद्रकेच नीट सुटी झाली नाहीत तर त्याला अर्थ उरत नाही.

पार्श्वभूमीपासून पेशी वेगळ्या काढणे हा त्यातला सोपा भाग. डॅपी हे रंगद्रव्य डीएनएला चिकटते आणि अतिनील प्रकाशात निळे चमकते. काळ्या पार्श्वभूमीवर केंद्रके उठून दिसतात. अशा प्रतिमांना नोबुयुकी ओत्सू यांनी १९७९ मध्ये मांडलेली, करड्या छटांच्या आलेखावरून उंबरठा, म्हणजे केंद्रक आणि पार्श्वभूमी वेगळी करणारी छटेची मर्यादा, आपोआप निवडण्याची रीत पुष्कळदा पुरते. हिमॅटॉक्सिलिन-इओसिन या रंगांच्या जोडीने रंगवलेल्या ऊतींमध्ये मात्र रंगाची गडदता प्रयोगशाळेगणिक बदलते. तिथे एक उंबरठा सगळीकडे चालत नाही.

खरी डोकेदुखी चिकटलेल्या पेशींची. दोन केंद्रकांमध्ये एक-दोन पिक्सेलांचा पूल राहिला, तरी संगणक दोन्ही मिळून एकच मोजतो. गंमत अशी, की संगणकाने आणि तज्ज्ञाने आखलेले भाग किती जुळतात यावरून अचूकता सांगणारा डाइस गुणांक यामुळे जेमतेम हलतो. त्यावरच विसंबणारे लेखन म्हणूनच सावधपणे वाचावे. उलटी चूकही होते. न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशीचे केंद्रक साधारण दोन ते पाच खंडांचे, बारीक धाग्यांनी जोडलेले असते. खंड सुटे धरले की एका पेशीच्या चार होतात.

यावरचा जुना उपाय वॉटरशेड. प्रतिमेला डोंगरदऱ्यांचा भूभाग मानून त्यात पाणी भरायचे आणि दोन खोऱ्यांचे पाणी भिडेल तिथे बांध घालायचा. केंद्रकाची कड खडबडीत असली की खोटी खोरी तयार होतात आणि पेशीचे तुकडे पडतात; म्हणून आधी प्रत्येक पेशीत एक खूण ठेवतात आणि पाणी तिथूनच चढू देतात.

फ्रायबुर्ग विद्यापीठातील ओलाफ रोनेबर्गर, फिलिप फिशर आणि थॉमस ब्रॉक्स यांनी २०१५ मध्ये यू-नेट हे न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारी संगणकीय प्रणाली, मांडले. शिकवताना त्यांनी चिकटलेल्या पेशींमधल्या अरुंद पट्टीवरच्या चुकीला जास्त दंड ठेवला. मोजक्याच प्रतिमा हाताशी असल्याने त्या ताणून-वाकवून नवे नमुने केले. पुढे आलेली स्टारडिस्ट आणि सेलपोज ही अशीच सॉफ्टवेअरे. स्टारडिस्ट पिक्सेलपासून अनेक दिशांना कडेपर्यंतची अंतरे मोजते; गोलसर केंद्रकांना ते उत्तम, फांद्या फुटलेल्या चेतापेशींना नाही. सेलपोज पिक्सेलांना पेशीच्या मध्याकडे वाहत नेते, म्हणून वेडेवाकडे आकारही त्याला पेलतात.

पॅप स्मिअरमध्ये, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींच्या तपासणीत, पेशी एकमेकींवर चढलेल्या असतात आणि एकच पिक्सेल दोघींचा ठरतो. तिथे एका पिक्सेलला एकच पेशी देणाऱ्या पद्धती अपुऱ्या पडतात. शिवाय ज्या आखणीवरून नेटवर्क शिकते ती माणसांनीच केलेली, आणि पुसट कडेवर दोन तज्ज्ञांच्या रेषा जुळतातच असे नाही. नव्या प्रयोगशाळेत प्रणाली वापरण्याआधी तिथल्याच काही काचपट्ट्यांवर ती पारखून घ्यावी लागते.