पहिला शैक्षणिक नकाशा आणि त्यात नसलेल्या मुली

जनगणना झाली की जिल्हावार साक्षरतेचे नकाशे निघतात. कुठे गडद छटा, कुठे फिकी. कोण पुढे, कोण मागे, हे आपण एका नजरेत ओळखतो. शालेय भूगोलात या नकाशाला क्षेत्रघनी नकाशा म्हणतात. अशा छटांचा सर्वांत जुना ज्ञात नकाशा लोकसंख्येचा किंवा पिकांचा नव्हता, तो शिक्षणाचाच होता, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

गणितज्ञ आणि नौदलातले अभियंते शार्ल द्युपँ पॅरिसच्या कला-उद्योग संस्थेत कारागिरांना भूमिती आणि यंत्रशास्त्र शिकवत. 30 नोव्हेंबर 1826 रोजी त्यांनी तिथे व्याख्यान दिले. सामान्य माणसाला लिहिता-वाचता आले, हिशेब करता आला, तर देशाची भरभराट कशी होते, हा त्यांचा मुद्दा. त्याच विषयावरच्या त्यांच्या नकाशात फ्रान्सच्या प्रत्येक विभागात (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या प्रशासकीय भागात) शाळेत जाणाऱ्या एका मुलामागे किती रहिवासी आहेत, हे दाखवले होते. मुलामागे, म्हणजे फक्त मुलग्यामागे. रहिवासी जितके जास्त, तितका तो विभाग काळा.

चित्र थक्क करणारे होते. पश्चिमेकडच्या सँ-मालोपासून पूर्वेला जिनिव्हापर्यंत रेघ ओढली, तर उत्तरेचे 32 विभाग उजळ आणि दक्षिणेचे 54 विभाग अंधारलेले. उत्तरेत 1 कोटी 30 लाख लोकांमागे सुमारे 7 लाख 40 हजार मुले शाळेत होती. दक्षिणेत 1 कोटी 80 लाखांमागे जेमतेम 3 लाख 76 हजार. तक्त्यात हेच आकडे कुणी दोनदा वाचले नसते. नकाशावर आल्यावर ‘उजळ फ्रान्स’ आणि ‘काळा फ्रान्स’ यांचा वाद पेटला. काळा रंग अज्ञानाला दिला, इथेच निम्मा निवाडा झाला होता. नकाशा काढणाऱ्याची निवड इतकी प्रभावी असते, म्हणून ती फार जपून करावी लागते.

द्युपँ यांनी आकड्यांचे गट पाडून प्रत्येक गटाला एकच छटा, असेही केले नव्हते. प्रत्येक आकड्याला त्याच्या प्रमाणात छटा. पुढे गट पाडण्याची रीत रुळली आणि गटांच्या सीमा कुठे आखाव्यात यावर नकाशाकारांनी बराच खल केला. 1973 मध्ये अमेरिकी भूगोलज्ञ वॉल्डो टोबलर यांनी गटच नकोत, असे सुचवले. म्हणजे गाडी पुन्हा 1826 वर आली.

क्षेत्रघनी नकाशाचा एक दोष मात्र छटा कशाही दिल्या तरी जात नाही: लोक थोडे असले तरी मोठे क्षेत्रच नजरेत भरते. गडचिरोली जिल्हा 14 हजार चौ. किमीहून मोठा आणि 2011 मध्ये लोक 11 लाखांच्या आत. मुंबई उपनगर 450 चौ. किमीच्या आत आणि लोक 93 लाखांवर. नकाशात डोळ्यांत भरते ते गडचिरोली, उपनगर ठिपक्याएवढे.

1829 मध्ये भूगोलज्ञ आद्रियानो बाल्बी आणि वकील आंद्रे-मिशेल गेरी यांनी फ्रान्सचे एकाच कागदावर तीन नकाशे छापले: माणसांविरुद्धचे गुन्हे, मालमत्तेविरुद्धचे गुन्हे आणि शिक्षण. शिक्षण वाढले की गुन्हे घटतात, असा तेव्हा अनेकांचा विश्वास होता. पण शिकलेल्या उत्तरेतच मालमत्तेचे गुन्हे अधिक दिसले. 1833 मध्ये गेरींनी मापच बदलले: शाळेतली मुले न मोजता, सैन्यभरतीला आलेल्या किती तरुणांना लिहिता-वाचता येते, ते पाहिले. म्हणजे पुन्हा पुरुषच.

1877 मध्ये सुरू झालेल्या एका मोजणीत मात्र बायकाही आल्या. लुई माजियोलो या निवृत्त शिक्षणाधिकाऱ्याने सुमारे 16 हजार शिक्षकांना गावोगावच्या विवाहनोंदी चाळायला लावले. वराने आणि वधूने सही केली आहे का, एवढेच बघायचे. 1686-90 मध्ये 29 टक्के पुरुष आणि 14 टक्के स्त्रिया सही करत होत्या; शंभर वर्षांनी हे प्रमाण 47 आणि 27 टक्के झाले. सँ-मालो ते जिनिव्हा ही रेघ इथेही तशीच उमटली. पण त्या काळी वाचन आधी आणि लेखन नंतर शिकवत, आणि अनेक मुलींचे शिक्षण वाचनापाशीच थांबे. प्रार्थनेचे पुस्तक वाचणारी, पण सहीच्या जागी फुली मारणारी वधू या मोजणीत निरक्षरच धरली गेली.