उल्लाळ : नेत्रावतीपलीकडचा एक दिवस
(किनारा सहलीला येणाऱ्या आमच्या प्रवाशांसाठी)

मंगळूरनंतरचा एक पूर्ण दिवस आम्ही उल्लाळला ठेवला आहे. "मंगळूर पाहिल्यावर तिथे वेगळं काय?" असं बरेच जण नाव नोंदवताना विचारतात. त्यांच्यासाठी हे पत्रक.

पनवेलहून आपल्या कोकणातून उतरत आलेला ६६ क्रमांकाचा महामार्ग मंगळूरच्या दक्षिणेला नेत्रावती ओलांडतो. पूल संपला की तोक्कोट्टूचा नाका येतो, तिथून समुद्राकडे वळलं की उल्लाळ. मंगळूर विद्यापीठ आणि देरळकट्ट्याची वैद्यकीय महाविद्यालयं याच अंगाला आहेत, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ पुलावर गर्दी. आपण सकाळी लवकर निघतो ते याचसाठी. बाजारात तुळू, ब्यारी, कन्नड, मल्याळम, कोकणी सगळं कानावर पडतं.

उल्लाळ म्हटलं की राणी अब्बक्का. चौटा हे जैन राजघराणं, वारसा आईकडून चालणारा. मामाच्या मागे भाची गादीवर आली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी मागितलेली खंडणी तिने नाकारली आणि त्यांच्याशी पुन्हा पुन्हा झुंज घेतली. तिच्या बाजूने जैन, हिंदू, मुसलमान सगळेच लढले, ही आठवण इथे अभिमानाने सांगितली जाते. तटरक्षक दलाच्या एका जहाजालाही तिचं नाव आहे. पुढे १६२३ मध्ये पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी या भागात आला, तेव्हाही इथे राणीचंच राज्य होतं. ती त्याला भेटली ती वाटेवर. पाण्यासाठी चर खणले जात होते, ते काम बघायला ती अनवाणी पायी निघाली होती. घोड्यावरच्या तलवारधारी राणीपेक्षा आम्हाला ही राणी जास्त जवळची वाटते.

सोमेश्वराचं देऊळ समुद्रालगतच्या खडकावर आहे. दर्शन घ्या, खडकांवर फुटणाऱ्या लाटा मनसोक्त बघा, पण पाण्यात उतरू नका. किनारा उताराचा आहे आणि परतणारी लाट पाय ओढते. पोहता येणाऱ्यांनाही आम्ही हेच सांगतो. याच समुद्राने इथली घरं आणि माड गिळले आहेत. धूप थोपवायला किनाऱ्यावर दगडी बांध घातले आणि पाण्यात खडकांचे अडथळेही उभारले. बांधाचे दगड निसटते असतात, त्यांवर फोटोसाठी चढू नये. पलीकडे ज्यांची घरं आहेत त्यांच्या दारात कॅमेरा रोखू नये, ही आमची कळकळीची विनंती.

सय्यद मदनी दर्ग्यात सर्व धर्मांची माणसं येतात. डोकं झाकायला रुमाल किंवा ओढणी जवळ ठेवा. इथला मोठा उरूस दर पाच वर्षांनी भरतो. त्या दिवसांत आपण सहल ठेवत नाही, कारण राहायची सोय धड होत नाही.

जेवणात उकड्या तांदळाचा भात, नीर डोसा, बांगड्याचं पुळीमुंची आणि काणे, म्हणजे आपली मुडदुशी, रवा लावून तळलेली. पुळीमुंची चिंच-मिरचीचं, चांगलंच झणझणीत असतं. कोंबडी हवी असेल तर कोरी रोट्टी मागा : तांदळाची कुरकुरीत रोटी, वर गरम रस्सा. रोटी मऊ पडायच्या आत खायला घ्या.

शाकाहारी मंडळींनी आदल्या रात्रीच सांगावं, म्हणजे त्यांचं जेवण वेगळ्या खानावळीत ठरवता येईल. जून ते सप्टेंबर आम्ही ही सहल काढत नाही.