मनातल्या वाटेला लागणारा वेळ

डोळे मिटा आणि घराच्या दारापासून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत मनातल्या मनात चालत जा. जिना, फाटक, वळण, काही गाळू नका. निघताना मोबाइलवरचं स्टॉपवॉच सुरू करा, दुकान आलं की बंद करा. मग खरंच चालत जाऊन वेळ बघा. दोन्ही आकडे पुष्कळदा जवळजवळ येतात.

ज्याँ देसेती आणि मार्क ज्यानरो या फ्रेंच संशोधकांनी 1989 मध्ये हेच तपासलं. समोरची खूण बघून घ्यायची, डोळे झाकायचे आणि तिथवर एकदा पायांनी, एकदा मनाने जायचं. दोन्हींना लागलेला वेळ जुळला. मग पाठीवर 25 किलोचं ओझं दिलं. गंमत अशी, की पाय पूर्वीइतक्याच वेळात पोचले, पण मनातली वाट लांबली! ओझ्यामुळे लागणारा जास्तीचा जोर मनाने ‘जास्त वेळ’ म्हणून मोजला, असं या संशोधकांना वाटतं. मला हा प्रयोग फार आवडतो. आत घड्याळ नाही, आत अंग आहे, हे त्यातून दिसतं.

पण मनातलं चित्र सगळ्यांचं सारखं नसतं. फ्रान्सिस गाल्टन या इंग्लिश शास्त्रज्ञाने 1880 मध्ये लोकांना सकाळचं न्याहारीचं टेबल आठवायला सांगितलं. कुणाला ताटल्यांचे रंग दिसले, कुणाला काहीच नाही. असं चित्रच न उमटण्याला ॲडम झेमन या मेंदूतज्ज्ञांनी 2015 मध्ये ‘अफँटेझिया’ हे नाव दिलं. अशा माणसाला घरात खिडक्या किती हे नीट सांगता येतं, फक्त त्या त्याला ‘दिसत’ नाहीत.

स्वभावाचंही तसंच. मार्क विटमन आणि मार्टिन पॉलस या संशोधकांनी 2008 मध्ये मांडलं, की उतावळ्या माणसांना तोच काळ अधिक लांब वाटतो. म्हणून उद्याच्या मोठ्या लाभापेक्षा आजचा छोटा त्यांना बरा वाटतो. रांगेत चुळबुळणाऱ्या मुलाला आपण ‘पाचच मिनिटं’ म्हणून दटावतो, तेव्हा त्याची पाच मिनिटं आपल्यापेक्षा मोठी असू शकतात. त्याच्यावर चिडणं मला आता अन्यायाचं वाटतं.

आणि भीती वाटली की? मेंदूचे अभ्यासक डेव्हिड ईगलमन आणि सहकाऱ्यांनी माणसांना 31 मीटर उंचीवरून, दोरीशिवाय, खालच्या जाळ्यात सोडलं. नंतर ते पडणं मनात पुन्हा जगायचं आणि स्टॉपवॉचवर तेवढा वेळ दाबून दाखवायचा. दुसऱ्याला पडताना बघून जो अंदाज केला होता, त्यापेक्षा स्वतःचं पडणं सरासरी 36 टक्क्यांनी लांब निघालं. मनगटावर एक छोटा पडदा बांधला होता. त्यावर आकडे आणि त्यांची उलट्या रंगातली प्रतिमा इतक्या वेगाने आलटूनपालटून येत, की जमिनीवर ते वाचता येत नसत. पडताना काळ खरोखर मंदावला असता, तर ते स्पष्ट दिसायला हवे होते. पण हवेतही ते तसेच गिचमिड राहिले. लांबली होती ती नुसती आठवण.