नॅरोबोटीतली शेगडी: उघड्या झडपेपासून बंद काचेपर्यंत

इंग्लंडच्या कालव्यांवरची नॅरोबोट सुमारे सात फूट रुंद असते. अभियंता जेम्स ब्रिंडलीने 1766 पासून ट्रेंट अँड मर्सी कालव्यावर जे अरुंद लॉक (बोटीला पाण्यासह वर-खाली नेणारे दारांचे हौद) बांधायला घेतले, त्यांनी हे माप ठरवून टाकलं. लांबी 70 फुटांच्या आसपास, पण ती जवळजवळ सगळी मालासाठी. रेल्वे आल्यावर मालवाहतुकीचे दर कोसळले, काठावरचं घर परवडेना, तेव्हा नावाडी बायकापोरांसह मागच्या जेमतेम 10 फुटी केबिनमध्ये राहायला आले. तिथे स्वयंपाक आणि ऊब दोन्ही एकाच बिडाच्या चुलीवर.

ही चूल आत शिरताच डाव्या हाताला असे. एका अंगाला जाळ, शेजारी भाजायची भट्टी (ओव्हन), वर ओले कपडे वाळत घालायला पितळी दांडी. केबिनमध्ये उतरायची पायरी म्हणजे कोळशाची पेटीच. सुकाणू धरणारा वरची सरकती झडप उघडी ठेवून उभा राही. धड थंडीत, पाय चुलीच्या उबेत. धुराड्याचा वरचा तुकडा छपरावरच्या कड्यात नुसता बसवलेला असे, म्हणजे ठेंगणा पूल आला की उचलून घ्यायचा. हातातून निसटून तो कालव्यात जाऊ नये म्हणून त्याला साखळी असे.

दाटीवाटीची तक्रार वाढली, म्हणून 1877 च्या कॅनॉल बोट्स कायद्याने नोंदणी आणली. केबिनमध्ये मोठ्या माणसामागे 60 घनफूट आणि बारा वर्षांखालच्या मुलामागे 40 घनफूट मोकळी जागा हवी, असा नियम झाला. कागदावर तरी. धुराच्या बाबतीत मात्र त्या केबिनला नकळत एक संरक्षण होतं: झडप बहुतेक वेळ उघडी, लाकडी भिंतींना फटी, आणि चुलीजवळ दिवसभर जागं माणूस.

1962-63 च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठले आणि आधीच खंगलेली मालवाहतूक जवळपास संपली. ॲथरस्टोनहून लंडनजवळच्या साउथॉलच्या जॅम कारखान्याकडे कोळसा नेणारी फेरी 1970 पर्यंत टिकली, एवढंच. मग आल्या सहलीच्या आणि राहायच्या पोलादी बोटी: आतून फोमचा थर, घट्ट खिडक्या. त्यांत बसली काचेच्या दाराची बंद शेगडी. सगळ्यांत परिचित म्हणजे डेन्मार्कच्या मोर्सो (स्थापना 1853) या ओतकाम कारखान्याची ‘स्क्विरल’. काही जण तिच्या पाठीला पाण्याची टाकी जोडून रेडिएटर चालवतात. तत्त्व आपल्या बंबाचंच.

खरा बदल इथे झाला. आता शेगडी रात्रभर धुमसत ठेवायची आणि माणसं शेजारी झोपायची. कोळशाच्या विटांना हवा जाळीखालून लागते, लाकडाला वरून. लाकूड राखेच्या थरावरच चांगलं जळतं. ओलं लाकूड भरून हवा अगदी बंद केली की आच थंडावते, धुरातलं डांबर छोट्या, थंड धुराड्यात साचतं आणि काळे ओघळ छपरावर उतरतात. म्हणून बाहेरचा तुकडा दुहेरी भिंतीचा घ्यावा. ओलं लाकूड आणि कोळसा एकत्र जाळणं आणखी वाईट: गंधक आणि पाणी मिळून आम्ल होतं, ते पाइप खातं. बोट धक्के खाते, लोखंड तापून फुगतं, त्यामुळे पाइपाच्या सांध्यातलं अग्निरोधक सिमेंट तडकतं. तिथे आधी न जळणारी दोरी ठासावी, मग सिमेंट. दाराच्या कडेला हवा अडवणारी अशीच दोरी असते, ती चपटी झाली की बदलावी. गरम राखेची बादली आत ठेवणं सरळ धोक्याचं, कारण निखारे कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायू सोडत राहतात.

बोटींची सुरक्षा तपासणारी ब्रिटनची बोट सेफ्टी स्कीम 1997 ची, शेगडी बसवण्याचं ब्रिटिश मानक बीएस 8511 हे 2010 चं, आणि राहण्याची जागा असलेल्या बोटींना कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सक्तीचा झाला 1 एप्रिल 2019 पासून. बोटी घट्ट झाल्यानंतर किती उशिरा, ते पाहा. अलार्म ईएन 50291-2 या युरोपीय मानकाचा घ्यावा. बोटी आणि कॅम्परव्हॅनसाठी तोच आहे. अशी शेगडी व्हॅनमध्ये बसवली असेल तर या सगळ्यावर एक गोष्ट जास्त: गाडी हलण्याआधी जाळ पूर्ण विझलेला हवा.

इंधनाचा नियम सगळ्यांत ताजा. इंग्लंडमध्ये साध्या घरगुती कोळशाची विक्री 1 मे 2023 ला पूर्ण थांबली. कोळशाच्या विटांमध्ये गंधक 2 टक्क्यांहून कमी लागतं आणि थोड्या प्रमाणात विकलं जाणारं लाकूड 20 टक्के ओलाव्याच्या आत असावं लागतं.