पायरीवरचं शेवाळ : चवथीच्या तोंडावर नव्हे, मे महिन्यात

चवथ आठ दिवसांवर आली की आमचे फोन वाजू लागतात. ‘पाटावर गणपती घेऊन या पायऱ्या चढायच्या कशा?’ प्रश्न रास्त, पण वेळ टळलेली असते.

पायऱ्यांचा चिरा, म्हणजे जांभा दगड, सच्छिद्र. पाणी पितो आणि पाऊस दोन दिवस थांबला तरी आतून ओलाच राहतो. वर फणसाची सावली असली तर विचारायलाच नको. म्हणून नुसतं घासून शेवाळ जात नाही, थोड्याच दिवसांत हिरवी साय परत धरते. आधी पाणी कुठून येतं ते बघा. बहुतेक घरांत कौलांच्या पागोळ्या नेमक्या दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर पडतात आणि हिरवा पट्टा तिथेच सर्वांत गडद असतो. तिथे पन्हळ लावली की निम्मं काम झालं. मधोमध झिजून वाटी झालेली पायरी उन्हाळ्यात भरून घ्या, बाहेरच्या बाजूला पाव इंच उतार ठेवा.

आत्ताच साफ करायचं असेल तर दहा लिटर पाण्यात साधारण दोनशे ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवा, गाळ खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणी वापरा. हातमोजे हवेतच. पंधरा-वीस मिनिटांनी काथ्याच्या ब्रशने घासा, तेही खालच्या पायरीपासून वर, म्हणजे पाय नेहमी घासलेल्या पायरीवर राहतो. शेवटचं धुणं मात्र वरून खाली. हे पाणी तुळशीत किंवा विहिरीकडे जाऊ देऊ नका. संडास धुण्याचं ॲसिड त्यात कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. नुसतं ॲसिडही नको, सांध्यांतलं सिमेंट खातं.

एका गिऱ्हाइकाने पायऱ्यांवर मीठ पसरलं होतं, कॅनडातल्या मुलीने सुचवलं म्हणून. तिकडे मिठाने बर्फ वितळतो. इथे पहिल्याच सरीत ते वाहून गेलं आणि कठड्याचं लोखंड तेवढं गंजलं.

चकचकीत व्हार्निश आम्ही मारून देत नाही, कितीही आग्रह झाला तरी. दिसायला छान, पण ओल आत कोंडते आणि पाय घसरतो तो वेगळाच. त्याऐवजी चिऱ्यात मुरणारं, पाणी आत शिरू न देणारं सिलेन-सिलोक्सेनचं सीलर लावतो. त्यासाठी चिरा खडखडीत वाळलेला लागतो, म्हणून हे काम मार्च ते मे. पाय घसरू नये म्हणून पायरीच्या कडेला तीन खाचाही तेव्हाच मारतो.

पावसात आम्ही फक्त साफसफाई करतो. फोन करण्याआधी पायऱ्यांचा एक फोटो पाठवा, पाऊस चालू असतानाचा.