जुन्या रीलमधली कुत्री आणि उलटं फिरणारं हँडल

सायकलवाल्याकडे जाऊन "फ्रीव्हीलची कुत्री गेलीत" म्हटलं की त्याला पुढे काही सांगावं लागत नाही. पॅडल मारलं की चाक फिरतं, थांबवलं की टिकटिक करत चाक एकटंच पळतं, ही सगळी करामत आतल्या दात्यांत अडकणाऱ्या छोट्या लोखंडी तुकड्यांची. गंमत म्हणजे मासेमारीच्या जुन्या अमेरिकन रीलमध्येही हाच प्रकार असतो आणि तिकडचे लोकही त्याला डॉगच म्हणतात!

आधी हे नव्हतं. 1898 मध्ये कॅलिफोर्नियाच्या कॅटलिना बेटापाशी चार्ल्स होल्डरने 183 पौंडांचा ब्लूफिन ट्यूना काढला, तेव्हा रीलचं हँडल स्पूलसोबतच, म्हणजे लाईन (मासेमारीचा दोर) गुंडाळलेल्या रिळासोबतच फिरायचं, म्हणजे मासा पळाला की हँडल गरागरा उलटं. ब्रेक म्हणजे स्पूलवर दाबायचा चामड्याचा तुकडा आणि वर आपला अंगठा. अशा रीलना नावच पडलं नकलबस्टर, बोटांची पेरं फोडणारं. मग 1913 मध्ये तिथेच विल्यम बोशेनने रॉडवर पहिला स्वोर्डफिश काढला तो ज्युलियस व्होम होफच्या रीलवर, ज्यात ब्रेक आत होता आणि मासा लाईन ओढत असतानाही हँडल जागच्या जागी. 1936 ला आलेल्या पेन कंपनीच्या सेनेटरसारख्या रीलनी हीच कल्पना साध्या माणसाच्या हातात दिली.

आता आत बघू. हँडलखाली एक नळीसारखा स्लीव्ह असतो, त्यावर मोठा गिअर सुटा बसलेला, आणि गिअरला दोन्ही बाजूंनी ड्रॅगचे, म्हणजे आतल्या ब्रेकचे वॉशर दाबून धरतात. मासा ओढतो, स्पूल फिरतो, गिअर उलटा फिरायला बघतो आणि वॉशर घासत घासत त्याला अडवतात. पण वॉशर टेकतात कशावर? स्लीव्हवर. आणि स्लीव्हला कोण धरतं? त्याच्या बुडाशी दातेरी चकती असते, तिच्यात अडकलेलं एक कुत्रं, आणि त्याला दाबून ठेवणारी केसाएवढी स्प्रिंग. ती स्प्रिंग तुटली किंवा जुनं ग्रीस घट्ट होऊन कुत्रं वेळेवर पडलंच नाही, तर ड्रॅग कितीही आवळा, उपयोग शून्य, हँडल परत बोटांवर. म्हणून जुनी रील सुधारायची तर माझ्या मते पहिलं मॉडिफिकेशन म्हणजे रॉकेल आणि जुना टूथब्रश. त्यात काय मोठं असं वाटेल, पण अर्धी रीलं तेवढ्यावरच सुधारतात.

लोक करतात उलटं. आधी जुने फायबरचे वॉशर काढून कार्बनचे टाकतात, ड्रॅग दुप्पट होतो आणि सगळे खूश. पण हिशोब बघा. समजा लाईनवर 10 किलोचा ओढा आहे, लाईन स्पूलच्या मध्यापासून 3.5 सेंटीमीटरवर आहे, गिअर तिपटीचा आहे (हँडलचा एक फेरा म्हणजे स्पूलचे तीन) आणि कुत्रं स्लीव्हच्या मध्यापासून 0.7 सेंटीमीटरवर अडकतं. 10 गुणिले 3.5 गुणिले 3, भागिले 0.7, म्हणजे दीडशे किलो, एका दातावर! ड्रॅग 5 किलोचा होता तेव्हा हेच पाऊणशे होतं. मऊ पितळेचा स्लीव्ह असेल तर दात हळूहळू गोल होतात आणि मग एक दिवस कुत्रं घसरतं.

यावर उपाय म्हणून दुसरं कुत्रं बसवतात, आणि इथे बऱ्याच जणांची गल्लत होते, कारण तक्रारी दोन वेगळ्या आहेत. एक ताकदीची, दुसरी हँडलच्या ढिलेपणाची. 12 दाते असतील तर हँडल मागे 30 अंशांपर्यंत सरकू शकतं, 8 सेंटीमीटरच्या हँडलच्या टोकाला ते चार सेंटीमीटर होतं, मासा गळाला झटका देतो तेव्हा तेवढं अंतर पळून येऊन दात कुत्र्यावर आपटतो. दोन कुत्री समोरासमोर आणि दाते सम असतील तर दोन्ही एकदमच अडकतात, वजन वाटून घेतात, पण ढिलेपणा तेवढाच. दाते 13 केले की एक अडकतं तेव्हा दुसरं बरोबर अर्ध्या दातावर असतं, ढिलेपणा निम्मा, पण वजन मात्र परत एकट्यावर. दोन्ही फायदे एका जोडीत मिळत नाहीत.

ढिलेपणा अजिबात नको तर रोलर क्लच, म्हणजे उतारावर पाचरीसारखे अडकणारे बारीक रोलर. झकास लागतो, पण त्याला शाफ्ट कडक पोलादाचा हवा, मऊ धातूवर चरे पडतात, आणि जाड ग्रीस भरलं की रोलर घसरतात. खाऱ्या पाण्यात तर मी त्याच्यासोबत कुत्रं ठेवतोच ठेवतो.

माझ्या एका जुन्या रीलला (कंपनी राहू दे) 12 दात्यांवर दोन कुत्री बसवली आणि हँडल सावकाश फिरवून आवाज ऐकला. 12 वेळा स्वच्छ टिक यायला हवं होतं, येत होतं टिक-क, टिक-क, म्हणजे एक जण उशिरा पडत होता. दोघांच्या तोंडाला काळा मार्कर फासला, हँडल उलटं दाबलं, उघडून बघितलं तर शाई एकाचीच पुसलेली, दुसरा नुसता बघ्या. जो आधी टेकत होता त्याचं तोंड बारीक ऑइलस्टोनवर दोन हात घासलं, परत मार्कर, परत दाबलं, परत तेच. चौथ्या खेपेला दोघांची शाई सारखी पुसली, तेव्हा झाकण लावलं.